फोर्साइथसाहेबांचं झुडूप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आमच्या पनवेलला थंडी पडते ती पहाटेच्या गोधडीपुरती. सकाळचे नऊ वाजले की स्वेटर काढून दोरीवर टाकायचा. अशा गावात जन्म काढलेल्या माणसाने बर्फात वाढणाऱ्या झुडपाविषयी बोलावं हे जरा धाडसाचंच आहे. पण या झुडपाचं मी एकदा नुकसान केलं, आणि ते का झालं याचा शोध घेता घेता इतिहासातलं एक मजेशीर प्रकरण हाती लागलं. शाळेत तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे नाव दिसलं की त्याच्या मागे जायची खोड काही सुटत नाही.

माझी लेक अमेरिकेत मिनेसोटात असते. कॅनडाला खेटून असलेलं हे उत्तरेकडचं राज्य. सेंट पॉल शहराजवळ तिचं घर आहे. २०१७ साली माझी पत्नी तिच्याकडे सहा महिने राहून आली. मी तेव्हा गेलो नाही. शिकवण्या होत्या, शिवाय घराकडे कोणी बघायचं हाही प्रश्न होता. त्या मुक्कामात मायलेकींनी मिळून मागच्या कुंपणाशी हातभर उंचीचं एक रोप लावलं. फोनवर मला बातमी आली, "अहो, पानं फुटायच्या आधीच अख्खं झाड पिवळं होतं म्हणे. आपल्या कोरांटीसारखं, पण काटे नाहीत." तिने त्याचं नावच ठेवलं होतं, बिनकाट्याची कोरांटी. खरं नाव फोर्सिथिया. ते फुललेलं पाहायला तिला पुन्हा जाता आलं नाही. २०२०च्या डिसेंबरात ती वारली. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये लेकीच्या आग्रहावरून मी एकटाच तिकडे पोचलो.

झुडूप तोवर माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. कमानीसारखे लांबलांब फाटे, एकमेकांत गुंतलेले. पानं तांबूस होऊन गळायला लागलेली. ते बघून माझे हात शिवशिवले. पनवेलच्या अंगणात मोगऱ्याच्या सहा झाडांची निगा मी चाळीस वर्षं राखली आहे. मोगऱ्याचं तंत्र ठरलेलं असतं. पावसाळा सरला की पाणी हळूहळू तोडायचं. डिसेंबर-जानेवारीत पानं झाडून फांद्या निम्म्यावर आणायच्या, आळं उकरून माती ऊन खाऊ द्यायची, शेणखत घालायचं आणि मगच पाणी सुरू करायचं. नवी पालवी फुटते आणि तिच्या शेंड्याला कळ्या धरतात. जितके फुटवे जास्त, तितकी फुलं जास्त. म्हणजे मोगऱ्याच्या बाबतीत कात्री चालवण्यात कंजुषी करणारा माणूस फुलांना मुकतो.

एके दिवशी लेक कामावर गेली असताना मी गॅरेजमधली मोठी कात्री काढली आणि झुडपाची समोरची सगळी बाजू गुडघ्याच्या थोडी वर राहील इतकी उतरवली. कुंपणाकडची मागची बाजू राहून गेली, कारण अंधार पडला. शेजारच्या आजीबाई कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या. थांबल्या, हसल्या, हात काय छान चालतो म्हणाल्या, आणि जाताजाता एवढंच बोलल्या की पुढच्या वसंतात या बाजूला फूल दिसणार नाही. संध्याकाळी लेक आली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, जेवायला चला." दुसरं काही बोलली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

चूक काय झाली ते नंतर कळलं. फोर्सिथिया नव्या पालवीवर फुलत नाही, आदल्या वर्षीच्या फाट्यावर फुलतो. वसंतातली फुलं संपली की नवे फाटे वाढतात, उन्हाळा उतरता उतरता त्यांच्यावर पुढच्या वर्षाच्या कळ्या धरतात, आणि त्या कळ्या तपकिरी खवल्यांत मिटून सगळा हिवाळा झोपून राहतात. ऑक्टोबरात मला जे वाळकं, अस्ताव्यस्त वाटलं, त्यावर एप्रिल-मेमधलं प्रत्येक फूल आधीच बसलेलं होतं. मी फांद्या छाटत होतो असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात फुलं छाटत होतो.

गंमत अशी की मोगरा आणि फोर्सिथिया हे एकाच कुळातले. मोगरा, जाई, जुई, पारिजातक, जैतून आणि ही बिनकाट्याची कोरांटी या सगळ्यांचं कूळ वनस्पतिशास्त्रात एकच धरतात. चुलत भावंडांच्या सवयी इतक्या वेगळ्या असाव्यात!

त्या हिवाळ्यात घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. बसल्या बसल्या मी झुडपाच्या नावाच्या मागे लागलो. विल्यम फोर्साइथ हा स्कॉटलंडचा माळी. जन्म १७३७ चा. लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी वनस्पतींच्या बागेत तो शिकला, पुढे त्याच बागेचा प्रमुख झाला, आणि त्यानंतर राजाच्या केन्सिंग्टन व सेंट जेम्स इथल्या बागा त्याच्या ताब्यात आल्या. आता इथून प्रकरण आपल्या ओळखीच्या मुलखात शिरतं, कारण फोर्साइथसाहेबांची खरी कीर्ती झाली ती शेणामुळे.

त्या काळात इंग्लंडचं आरमार ओक वृक्षाच्या लाकडावर उभं होतं. एकेका युद्धनौकेला जुनी, जाडजूड झाडं लागत, आणि राजाच्या राखीव रानांत पोकळ झालेले, कुजलेले ओक फार निघत. फोर्साइथने दावा केला की आपल्याकडे असा लेप आहे की तो लावला की पोकळ झाड आतून पुन्हा भरीव होतं. फ्रान्सशी युद्ध केव्हा पेटेल याचा नेम नाही, अशा वेळी सरकारने या गोष्टीत लक्ष घातलं नसतं तरच नवल. चौकशी झाली, जाणत्या मंडळींनी झाडं पाहून अनुकूल मत दिलं आणि पार्लमेंटच्या शिफारशीवरून फोर्साइथला १,५०० पौंड मिळाले. अट एकच होती. लेपाची कृती जाहीर करायची. ती १७९१ साली छापून आली. ताजं शेण एक माप. जुन्या इमारतींच्या पाडकामातला चुना अर्धं माप, त्यातही छताच्या गिलाव्याचा असल्यास उत्तम. लाकडाची राख अर्धं माप. वाळू मापाचा सोळावा हिस्सा. हे कालवून लेप करायचा. पुढे त्याने तो मूत्र आणि साबणाचं पाणी घालून पातळ करायलाही सांगितलं.

हे वाचताना मला एकट्यालाच हसू आवरेना. आमच्या आजोबांच्या वाडीत आंब्याची फांदी मोडली की गडी न सांगता शेणमातीचा गोळा आणून थापायचा. त्याला कुणी चहाही विचारला नव्हता, १,५०० पौंड तर लांबच.

पण लेपाचं पुढे काय झालं? थॉमस अँड्र्यू नाइट नावाचा एक चिकित्सक बागायतदार होता. त्याने फोर्साइथचा दावा उघडउघड खोडून काढला. कुजलेलं लाकूड पुन्हा सजीव होत नाही, बाहेरून नवी साल चढली म्हणून आतली पोकळी भरत नाही, असं त्याचं म्हणणं. वाद चांगलाच पेटला. तो चालू असतानाच, मार्च १८०४ मध्ये, लंडनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात सात जण जमले आणि त्यांनी बागायतीची एक संस्था काढली. आजची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ती हीच. सातांपैकी एक फोर्साइथ होता. त्याच वर्षी तो वारला. आणि काही वर्षांनी त्याच संस्थेचा अध्यक्ष कोण झाला, तर नाइट!

शास्त्राचा निकाल आज नाइटच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अॅलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडं उभी चिरून तपासली आणि दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ते जखमेभोवती भिंत घालतं आणि पुढे वाढतं. वरून काहीही थापलं तरी आतली कूज त्याने थांबत नाही. आमच्या कोकणच्या पावसात बुरशीचा धोका मोठा, म्हणून आंब्याची छाटणी केल्यावर तिथे बोर्डोची पेस्ट लावतात. त्यात काम करतो तो मोरचुदाचा गुण. शेणाच्या लेपाने पोकळ झाड भरत नाही, हे आपल्या गड्याचा मान ठेवूनही म्हणावं लागतं.

ओकचा तुटवडा शेवटी लेपाने भरून निघाला नाहीच. त्यावर एक उपाय निघाला आपल्या मुंबईत. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी मुंबईच्या गोदीत इंग्रजी आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. 'मिंडेन' ही त्यातली पहिली मोठी नौका, १८१० सालची. मग सागावर कुऱ्हाड इतकी चालली की १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जंगलांसाठी वेगळा अधिकारी नेमावा लागला. त्या अधिकाऱ्याकडे, डॉक्टर अलेक्झांडर गिब्सनकडे, आपण परत येणार आहोत.

फोर्साइथच्या मृत्यूच्याच साली, १८०४ मध्ये, मार्टिन व्हाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका जपानी झुडपाला त्याचं नाव दिलं. त्याआधी थुनबर्ग नावाच्या स्वीडिश डॉक्टरने जपानातून परतल्यावर त्याचं वर्णन केलं होतं, पण वेगळ्याच गटात घालून. त्याचं जिवंत रोप युरोपात, हॉलंडमध्ये, पोचलं ते १८३३च्या सुमारास. म्हणजे हिशेब असा की ज्याच्या नावाने हे झुडूप जगभर ओळखलं जातं, त्याने त्याचं रोप कधी वाढवलं नाही की छाटलं नाही. चीनमध्ये या झुडपाची वाळलेली फळं वैद्य शेकडो वर्षं तापावर देत आले आहेत. कोरियात हे फूल दिसलं की वसंत आला म्हणतात, सोल शहराचं ते मानाचं फूल आहे. त्या लोकांनी ठेवलेली नावं त्यांच्या त्यांच्या घरात राहिली. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी ज्या गावात धूतपापेश्वर काढलं, त्या गावच्या माणसाला चिनी वैद्यांची बाजू घ्यावीशी वाटली तर ती समजून घ्यावी.

युरोपच्या बागांत या झुडपाची दुसरी जात आणली रॉबर्ट फॉर्च्युनने. पहिलं अफूयुद्ध १८४२ मध्ये संपलं, चीनची बंदरं इंग्रजांना खुली झाली आणि वर्षभरात लंडनच्या त्या बागायती संस्थेने त्याला तिकडे धाडलं. चुसान बेटावरच्या एका चिनी अधिकाऱ्याच्या बागेत त्याला हिरव्या फाट्यांचा फोर्सिथिया दिसला. रोपं यायची ती काचेच्या बंद पेटीतून. वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने काढलेली ही पेटी. आतला ओलावा आतच फिरतो, खारा वारा लागत नाही आणि महिनोन्महिने समुद्रावर रोप जगतं. याच फॉर्च्युनने पुढे याच पेट्यांतून ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनचा चहा हिमालयाच्या पायथ्याशी पोचवला. आपल्या सकाळच्या कपात त्या फेरीचा अंश आहे.

आता मंडळी विचारतील की यात पनवेल कुठे आलं? तर रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोटीने पनवेलच्या खाडीत उतरायचा आणि पुढे बैलगाडीने किंवा पालखीतून बोरघाट चढायचा. गव्हर्नर जॉन माल्कमने १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता खुला केला. त्याच माल्कमने दोन वर्षं आधी पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान सुरू केलं होतं. परमुलखातून मुंबईला उतरलेली रोपं त्या बागेत जायची तर वाट आमच्याच बंदरावरून. आमच्या जुन्या धक्क्याजवळून जाताना, कुण्या हमालाने ओल्या गोणपाटात गुंडाळलेली विलायती रोपं इथे गाडीत चढवली असतील, हे चित्र मला दिसतं.

या दापोडीच्या बागेवर १८३८ पासून होते हेच डॉक्टर गिब्सन. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर सुरेख ग्रंथ प्रसिद्ध केला. गिब्सनचं नाव राहिलं, बागेचं राहिलं, फक्त चित्रं काढणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. झाडांच्या इतिहासात हे असं वारंवार होतं आणि मला ते खटकतं.

परदेशी झाड नुसतं आणून चालत नाही, याचा धडा सरकारलाही महाबळेश्वरने दिला. हिवतापावरचं क्विनाइन ज्याच्या सालीपासून होतं, त्या सिंकोनाची लागवड १८६०च्या दशकात लिंगमळ्याला केली. उंची चांगली, हवा थंड, सगळं जमून आल्यासारखं वाटलं. पण सिंकोनाला पाऊस हवा वर्षभर विभागून. महाबळेश्वर चार महिन्यांत सगळा पाऊस ओततं आणि उरलेले आठ महिने कोरडं राहतं. १८७०च्या दशकात तो नाद सोडावा लागला. ऑक्टोबरात कात्री घेऊन निघालेला मी आणि ते सरकारी अधिकारी, आमच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

फोर्सिथियाची अडचण याच्या उलटी. त्याच्या झोपलेल्या कळ्यांना जागं व्हायला आधी कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. ती पनवेलला मिळायची नाही, म्हणून तो इथे लावू नये. काश्मीरला मार्चमध्ये गेलात तर श्रीनगरच्या बागांत भेटेल. पण थंडी अती झाली तरी पंचाईत. जुन्या, मोठ्या फुलांच्या जातींचं झाड मिनेसोटाच्या हिवाळ्यात मरत नाही, पण त्याच्या कळ्या गोठून मरतात. मग होतं काय, जेवढा भाग बर्फाखाली दबलेला तेवढ्यालाच बर्फाची ऊब मिळते. बर्फाचीही ऊब असते, हे मला तिथे समजलं! वसंतात असं झाड कमरेखाली पिवळं आणि वर काटक्या. परकर नेसल्यासारखं दिसतं.

यावर उपाय निघाला कोरियातून. हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड वृक्षोद्यानासाठी अर्नेस्ट विल्सनने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कोरियातल्या डोंगरी जातीचं बी आणलं. फुलं लहान, पण काटक. तिचा अल्बेनियाच्या डोंगरातल्या जातीशी संकर करून अतिथंड प्रदेशासाठी नवे वाण काढले गेले. त्यातला 'मेडोलार्क' १९८६ सालचा, त्याच्या कळ्या उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. मिनेसोटा विद्यापीठाने काढलेला 'नॉर्दर्न सन' हाही त्याच घरातला. मायलेकींनी लावला होता तो हा.

मार्च २०२३ उजाडला. त्या वर्षी तिथे बर्फ विलक्षण पडला होता, अंगणात कमरेइतका ढीग होता. पाडवा आला २२ मार्चला. शेजारच्या आजीबाईंनी मला एक युक्ती सांगितली. थंडी पुरेशी खाऊन झालेली फांदी घरात आणून कोमट पाण्यात ठेवली की ती दोन आठवड्यांच्या आत फुलते. दहा मार्चच्या सुमारास, ऊन पडलेल्या दुपारी, मी बर्फ तुडवत कुंपणाशी गेलो आणि अंधारामुळे वाचलेल्या त्या मागच्या बाजूचे पाच फाटे तिरके कापून आणले. रात्रभर ते बादलीत बुडवून ठेवले. मग उंच बरणीत उभे केले. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, उजेड दाखवायचा, हीटरपासून लांब ठेवायचं. आठव्या दिवशी एका कळीचा खवला उघडला. पाडव्याला गच्चीवजा लाकडी सज्जात गुढी उभारली. पनवेलहून नेलेली साखरेची गाठी होती, पत्नीचं मोरपंखी पातळ होतं, कडुलिंब नव्हता. त्याच्या जागी लेकीने हे पिवळे फाटे बांधले. चार-चार पाकळ्यांची फुलं, वास जवळजवळ नाही. बाहेर शून्याच्या आसपास तापमान, त्यामुळे पूजा आटोपून गुढी लवकरच घरात घ्यावी लागली.

एप्रिलच्या सुरुवातीला मी परतलो. मे महिन्यात लेकीने फोटो पाठवला. शेजारचं जुन्या वाणाचं झुडूप परकर नेसून उभं. आमचं मागच्या बाजूने टोकापर्यंत पिवळं, आणि समोरून? समोरून बुंध्यापाशी चार फुलं.

उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांनी हे झुडूप लावायचं ठरवलं तर एवढं सांगतो. जागा उन्हाची हवी, सहा तास तरी ऊन मिळावं, आणि पाणी साचणारी नको. पहिल्या वर्षी पाण्याकडे लक्ष द्यावं, पुढे ते आपलं आपण बघतं. खताचा मारा करू नये, नुसती पानं माजतात. लहान रोपाला हिवाळ्यात जाळी लावावी, ससे साल कुरतडतात. वाण विचारून घ्यावा, नुसतं रंगीत चित्र बघून घेऊ नये. आणि कात्री लावायची ती फुलं गळल्यावर लगेच. दरवर्षी सगळ्यात जुने, जाड झालेले एक तृतीयांश फाटे जमिनीलगत काढायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. गोल चेंडूसारखं कातरायचं तर मुळीच नाही, कमानी हेच त्याचं रूप. फांदीचं टोक मातीला टेकलं की मूळ धरतं, तेव्हा शेजाऱ्याला द्यायला रोप आयतं मिळतं.

२०२३-२४चा हिवाळा तिकडे अगदीच सौम्य गेला. झुडूप लवकर फुललं, या वेळी चारही बाजूंनी. समोरच्या बाजूला २०२३च्या उन्हाळ्यात आलेले नवे फाटे होते, त्यांच्यावर तर जास्तच गर्दी. नंतर एका सकाळी, म्हणजे तिच्या रात्री, लेकीचा फोन आला.

"बाबा, मागचे जुने फाटे फार जाड झालेत. आईच्या वेळचे. काढू का?"

"फुलं संपली का पूर्ण?"

"कालच संपली."

"मग तीन काढ. जमिनीलगत. आणि टोकं फेकू नकोस, मातीत खोचून ठेव."